लोणारच्या बाजाराचा हिशेब कुणाच्या वहीत?

लोणारच्या बाजारपेठेतून सरकारी तिजोरीत वर्षाला विक्रीवरचा कर किती जातो? त्यातला खतांच्या दुकानांचा किती, कापडाचा किती, लॉज आणि खानावळींचा किती? नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात याचं उत्तर सापडत नाही, कारण हा कर तिचा नव्हे. जीएसटीच्या कारभारात राज्य आहे, विभाग आहे, करदात्याचा क्रमांक आहे. पण गाव ही गोष्ट तिथे फक्त पत्त्यापुरती उरते. सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे हे जगभरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. काठावरच्या गावाची उलाढाल मात्र गावालाच ठाऊक नाही.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे. त्यात मेहकर सरकारच्या (म्हणजे सुभ्यातल्या एका विभागाच्या) संदर्भात लोणारचा उल्लेख येतो तो महसुलाच्या अंगाने: काच आणि साबण करण्यासाठी लागणारा खार इथे निघतो आणि त्यावर चांगलं उत्पन्न मिळतं. सोळाव्या शतकातल्या दरबारी नोंदीत लोणारचा एक उद्योग आणि त्याचा महसूल अशी जोडी लावलेली आहे. पुढे इंग्रजी अमदानीतही या खाराच्या पापडी, भुसकी, डल्ला अशा प्रती वेगवेगळ्या धरल्या जात. सरोवर आता अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळ आहे. खाराचा धंदा बंद झाला हे योग्यच झालं. पण कुठला माल, कुठून निघाला आणि त्यावर काय मिळालं हे एका ओळीत सांगण्याची ती शिस्त पुढच्या करपद्धतींत टिकली नाही.

विक्रीकराच्या इतिहासात वऱ्हाडाचं नाव अगदी सुरुवातीलाच येतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मध्यप्रांत आणि वऱ्हाड सरकारने १९३८ साली मोटारीच्या इंधनावर आणि वंगणतेलावर किरकोळ विक्रीच्या किमतीच्या ५ टक्के कर बसवला. केंद्र सरकारचं म्हणणं पडलं की हे उत्पादनशुल्कच आहे आणि ते आमच्या अखत्यारीतलं. प्रकरण नव्या फेडरल कोर्टापुढे मताकरता गेलं. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने प्रांताच्या बाजूने कौल दिला: विक्रीवर कर लावणं हा प्रांतांचा अधिकार आहे. पुढे राज्यांच्या तिजोऱ्या ज्या कराने भरल्या, त्याच्या कायदेशीर पायाचा दगड या प्रांताने बसवला. त्या कराची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो शेवटच्या विक्रीवर होता. गिऱ्हाइकाने जिथे डबा भरून घेतला, तिथेच कर पडला. म्हणजे कुठल्या गावात किती इंधन खपलं हे करावरूनच कळत होतं.

१९४७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडाचा सर्वसाधारण विक्रीकर कायदा झाला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ जानेवारी १९६० पासून मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ लागू झाला. त्या व्यवस्थेत बहुतेक मालावर राज्यातल्या पहिल्या विक्रीला कर असे. कारखानदार किंवा बाहेरून माल आणणारा व्यापारी तो भरे, पुढच्या दुकानदारांकडे ‘कर भरलेला’ माल येई. मोठे कारखानदार आणि आयातदार मुंबईत. तेव्हा कराच्या पावत्याही मुंबईच्या. लोणारच्या गिऱ्हाइकाने दिलेला पैसा गावात नोंदवला जाणं तिथूनच थांबलं. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. दोन्हींत कर टप्प्याटप्प्याने पडतो. तरी गावाच्या दृष्टीने फरक पडला तो फार थोडा, आणि का ते एका बिलावरून बघू.

समजा, लोणारच्या दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याकडून १०० रुपयांची फवारणीची औषधं घेतली. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८ रुपये, त्याने खरेदीतच मोजले. त्याने ती १०८ रुपयांना विकली. शेतकऱ्याकडून कर घेतला १९ रुपये ४४ पैसे. त्यातून खरेदीवर दिलेले १८ वजा केले की सरकारकडे भरायचे उरले १ रुपया ४४ पैसे. त्यातही निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. म्हणजे लोणारच्या शेतकऱ्याने जवळजवळ साडेएकोणीस रुपये कर दिला, आणि लोणारच्या खात्यावर रोख भरणा दिसला दीड रुपयाच्या आत. उरलेले १८ रुपये वरच्या साखळीत, अकोला-खामगावच्या ठोक व्यापाऱ्याच्या आणि शेवटी कारखान्याच्या नावावर आधीच जमा झालेले. ‘अमुक तालुक्यातून एवढा जीएसटी जमा’ असा आकडा कधी कानावर आला, तर तो गावाने दिलेला कर नसतो. गावातल्या दुकानदारांच्या नफ्यावरचा कर असतो. हा फरक लक्षात न घेता लोणारची तुलना एखाद्या कारखान्याच्या गावाशी करणं म्हणजे शुद्ध फसगत.

युरियाच्या गोणीचं बघा. ४५ किलोची कडुलिंब-लेपित गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते. खतावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे गोणीमागे साधारण १२ रुपये ६९ पैसे, राज्याच्या वाट्याला त्यातले सहा रुपये पस्तीस पैसे. खताचं अनुदान केंद्र देतं, त्यावर हा कर लागत नाही. बियाण्यावर मुळात करच नाही. खरिपाच्या तोंडावर लोणारच्या कृषी सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्या अडकून पडतात, आणि वर्षातली ही मोठी उलाढाल कराच्या पत्रकात जेमतेम उमटते. मे-जूनमध्ये गावात पैसा फिरतोय की उधारीवर सगळं चाललंय, हे त्या पत्रकावरून कुणीही सांगू शकणार नाही. दुकानाच्या खतावणीवरून मात्र सांगता येतं.

शेतमालाकडे वळलं की चित्र आणखी अवघड होतं. बुलढाणा जिल्ह्यात गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने ज्वारीची आणि बरीचशी कपाशीची जागा घेतली. लोणार तालुकाही त्यात आला. शेतकऱ्याला स्वतःच्या मालाच्या विक्रीवर नोंदणी लागत नाही. कर सुरू होतो तो खरेदीदाराने सोयाबीन पुढे तेलगाळप कारखान्याला विकल्यावर, ५ टक्क्यांनी. तेलावर पुन्हा ५ टक्के, पशुखाद्य म्हणून गेलेल्या पेंडीवर काही नाही. कापसाची रीत वेगळी. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर नोव्हेंबर २०१७ पासून खरेदीदारानेच उलटा कर भरायचा. तुरीवर सुट्या स्वरूपात कर नाही. पण १८ जुलै २०२२ नंतर छापील लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीतली डाळ ५ टक्क्यांत आली. एकाच शिवारातली तीन पिकं, तिघांचे कराचे रस्ते तीन, आणि तिन्ही तालुक्याबाहेर जाऊन संपतात.

तरीही शेतमालाचा हिशेब गावात आहे, फक्त तो कराच्या वहीत नसून कृषी उत्पन्न बाजार समितीच्या वहीत आहे. रोजची आवक, किमान-कमाल भाव, काट्यावरचं वजन आणि त्यावरचा सेस. ही परंपराही वऱ्हाडचीच. नियंत्रित बाजाराचा पहिला प्रयोग म्हणून कारंजाचं नाव घेतलं जातं, १८८६ सालचा. मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा. इंग्रजांना मँचेस्टरसाठी कापूस हवा होता, म्हणून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला आणि १८७० साली खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो तिथे उद्घाटनाला आला. स्वार्थ त्यांचा होता, पण मालाची गावनिहाय मोजदाद आपल्याकडे राहिली. माझ्या मते लोणारच्या अर्थव्यवस्थेचा खरा तापमापक आजही बाजार समितीच्या आवकेचा फलकच आहे. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारातला भाव त्याच्या किती खाली-वर आहे, यावर दसरा-दिवाळीला कापड, सोनं आणि मोटारसायकलींची दुकानं कशी चालणार ते ठरतं. खेड्यातला माल गावात उतरतो, पैसा हातात येतो, आणि तो तिथल्याच दुकानांत लगेच मोकळा होतो. कराच्या आकड्यात ही साखळी जोडलेली दिसतच नाही.

पर्यटनाबद्दल लोणारमध्ये सगळेच बोलतात, म्हणून त्याची मोजणी जरा सविस्तर करावीशी वाटते. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटीतून सूट होती. ती १८ जुलै २०२२ ला काढून १२ टक्के कर लागला. २२ सप्टेंबर २०२५ च्या दरबदलात साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर तो ५ टक्क्यांवर आला, मात्र खरेदीवरच्या कराची वजावट बंद झाली. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. चार-सहा खोल्यांचं लॉज, सरोवराच्या वाटेवरची चहाची टपरी, दैत्यसूदन मंदिराबाहेरचा फुलवाला, कमळजा देवीच्या नवरात्रात महिनाभराची कमाई करून जाणारे खेळणी-बांगड्यावाले: यातले बहुतेक या मर्यादेच्या आत. खानावळ कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत असेल तर एकूण विक्रीवर ५ टक्के भरून मोकळी. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे मीठप्रिय सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं, जगभर बातमी झाली. त्या वेळी देश टाळेबंदीतून नुकताच बाहेर पडत होता आणि पाहुणे येण्यासारखी परिस्थितीच नव्हती. लोणारच्या आयुष्यातली सर्वांत मोठी फुकटची जाहिरात कराच्या एका पैशालाही लागली नाही.

डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. मेहकर परिसरातून उतरून लोणारला येणं सोपं झालं, आणि तितकंच सोपं झालं सकाळी येऊन संध्याकाळी परतणं. वेरूळ-अजिंठ्याच्या मुक्कामातून एक दिवस काढून येणारा माणूस लोणारला जेवला, एखादी पाण्याची बाटली घेतली, तर गावाला तेवढंच. ‘पर्यटक वाढले’ या वाक्याचा करमहसुलाशी संबंध जोडायचा तर मुक्काम किती वाढले ते मोजावं लागेल, गाड्या किती आल्या ते नव्हे. गाड्या मोजणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच मोजतात.

पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट आहे. पण तो पंपचालक भरत नाही, तेल कंपनी भरते. टँकर अकोल्याजवळच्या गायगावच्या डेपोतून निघाला की कराचं काम झालं. शंभर वर्षांच्या आतच वर्तुळ उलटं फिरलं: १९३८ साली जो माल किरकोळ विक्रीच्या जागी मोजला गेला, तोच आज गावाच्या हद्दीत शिरण्याआधी कर भरून मोकळा झालेला असतो. दारूचीही गत थोडी अशीच. कापड, किराणा, भांडी, सोनं यांत विशेष सांगण्यासारखं नाही. दीड कोटींच्या आत उलाढाल असलेले बरेच दुकानदार कंपोझिशनची वाट धरतात, १ टक्का भरतात, आणि त्यांच्या त्रैमासिक पत्रकात कुठला माल विकला हे धड कळत नाही. शिवाय कच्च्या चिठ्ठीवरचा व्यवहार आहेच. तो कुठल्याही आढाव्यात येत नाही.

बांधकामावर मात्र थांबायला हवं, कारण इथे एक जागा अशी आहे जिथे जीएसटीचा आकडा नगरपरिषद स्वतःच्या हाताने लिहिते. ऑक्टोबर २०१८ पासून अडीच लाखांवरच्या कंत्राटाचं बिल देताना शासकीय आणि स्थानिक संस्थांना २ टक्के जीएसटी कापून सरकारजमा करावा लागतो, आणि दरमहा त्याचं पत्रक भरावं लागतं. रस्ता, नाली, पाण्याची टाकी, बगीचा: ज्या कामाचं बिल निघालं त्याच्या कराची नोंद नगरपरिषदेच्या लेखाविभागात आहे. गावाच्या अर्थव्यवस्थेत सरकारी पैशाची मोठी धार आहे, घरकुलांची आहे, योजनांची आहे. त्यातली कंत्राटांच्या बिलांतून येणारी किती, हे या पत्रकांवरून काढता येतं. जुलै २०२२ ला अशा कामांवरचा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. मंजूर रकमेतली सहा टक्के वाढ करातच जिरली की काम कमी झालं, हेही त्याच कागदांतून वाचता येईल. सिमेंट २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांत आलं, ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांत. दोन्हींचा परिणाम लोणारसारख्या गावात आधी जाणवणार, आणि तो मोजण्याची सोय मात्र कुठेच नाही.

आता जकातीची आठवण निघतेच. १ मे १९९९ ला राज्याने नगरपालिकांची जकात बंद केली. महापालिकांची पुढे स्थानिक संस्था कराच्या वाटेने आणि मुंबईची थेट जीएसटीच्या दिवशी संपली. नाके कुणाला आवडत होते अशातला भाग नाही. ट्रक तासन्‌तास उभे, चिरीमिरी, पावतीवर एक आणि गाडीत एक. पण नाक्यावरच्या रजिस्टरात गावात काय आलं ते लिहिलं जायचं: सिमेंटच्या गोण्या, लोखंड, साखर, कापडाचे गठ्ठे. नाका गेल्यावर नगरपालिकांना त्याबदल्यात अनुदान मिळू लागलं. महापालिकांसाठी २०१७ च्या नुकसानभरपाई कायद्यात दरवर्षी ८ टक्के वाढ ठरली. अनुदानाचा गुण असा की ते बाजार पडला तरी येतं. दोष असा की बाजार चढला तरी गावाला त्याचा पत्ता लागत नाही. नगरपरिषदेला मग स्वतःच्या हातात उरतो मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि बाजाराच्या दिवशी फाडलेली पावती.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात याच्या उलट आहे. १९५५ च्या ब्रॅडली-बर्न्स कायद्याने विक्रीच्या किमतीतला १ टक्का ज्या शहरात विक्री झाली त्याला मिळतो. म्हणून तिथली शहरं दर तिमाहीला वाहनं, इंधन, बांधकाम साहित्य, हॉटेलं, किरकोळ दुकानं असे गट पाडून आपला महसूल बघतात आणि हे काम करणाऱ्या सल्लागारांना पैसे मोजतात. ऐकायला गोड वाटतं. पण १९७८ मध्ये तिथे मालमत्ता करावर मर्यादा आली, तेव्हापासून शहरं घरांऐवजी मोटारींच्या शोरूम आणि महाकाय दुकानांच्या मागे लागली; शेजारच्या गावातलं दुकान सवलती देऊन आपल्याकडे ओढण्याची चढाओढ सुरू झाली. लोणार आणि मेहकर अशी भांडायला लागली तर मेहकर जिंकेल, यात शंका नको. म्हणून जीएसटीतला टक्का गावाला द्या, ही मागणी मला फारशी पटत नाही. हिशेब द्या, ही पटते.

आणि तो देता येण्यासारखा आहे, निदान निम्माशिम्मा. जीएसटीच्या प्रत्येक नोंदणीत व्यवसायाच्या जागेचा पिनकोड आहे, लोणारचा ४४३३०२. विक्रीच्या पत्रकात मालाचा एचएसएन क्रमांक आहे: सोयाबीन १२०१, सिमेंट २५२३, युरिया ३१०२, ट्रॅक्टर ८७०१. राज्यांतर्गत एक लाखावरचा आणि परराज्यातून पन्नास हजारांवरचा माल हलवायचा तर ई-वे बिल लागतं, आणि त्यावर माल निघाला कुठून, उतरणार कुठे याचे दोन्ही पिनकोड असतात. म्हणजे जकात नाक्याचं रजिस्टर नाका न ठेवता आजही आपोआप भरलं जातंय, फक्त ते गावापर्यंत येत नाही. गिऱ्हाइकांनी घरबसल्या मागवलेल्या मालाचं मात्र यातून कळणार नाही. ग्राहकाला केलेल्या विक्रीची नोंद पत्रकात राज्यापुरतीच होते. लोणारच्या पोराने बेंगळुरूहून मागवलेला मोबाइल महाराष्ट्राच्या खात्यात येतो, लोणारच्या नाही. तेवढी फट राहणार.

कायद्यातली एक अडचण खरी आहे. जीएसटी कायद्याने करदात्याची माहिती गोपनीय ठेवली आहे, आणि आकडेवारी छापली तरी त्यातून माणूस ओळखू येता कामा नये, असं बंधन आहे. मोठ्या शहरात हे सहज पाळता येतं. लहान गावात एखाद्या मालाची एजन्सी एकच असेल, तर ‘८७०१ : एवढे रुपये’ असं छापणं म्हणजे त्या माणसाची खतावणी चौकात टांगणं. तेव्हा गट मोठे करावे लागतील: शेतीची निविष्ठा एक, बांधकाम साहित्य एक, वाहनं आणि अवजारं एक, खाणं-राहणं एक, आणि तिमाहीऐवजी सहामाहीचा आकडा द्यावा लागेल, खरीप आणि रब्बी असा. तो आकडाही लोणार शहराचा न देता तालुक्याचा दिला तर सुलतानपूर आणि बिबीची दुकानं त्यात येतील आणि एकाच माणसाकडे बोट जाणार नाही.

तोवर जे हाताशी आहे ते जुळवता येतं, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. बाजार समितीची महिनावार आवक आणि सेस, नगरपरिषदेची कर-कपातीची पत्रकं, बाजाराच्या दिवसाची पावतीवसुली, लॉजमधल्या मुक्कामांच्या नोंदवहीतली बेरीज, दुय्यम निबंधकाकडचे दस्त. पाच ठिकाणचे कागद, बहुतेक चालत जाण्याच्या अंतरात. एखाद्या स्थानिक महाविद्यालयाच्या वाणिज्य शाखेला हा दोन वर्षांचा प्रकल्प सहज पेलेल, आणि पहिला तक्ता सोयाबीनच्या आवकेचा आणि पावतीवसुलीचा शेजारी शेजारी मांडला, तर दिवाळीच्या आधीचे सहा आठवडे कसे वर उठतात हे पहिल्याच वर्षी दिसेल.